बियाणंवाल्या बाई

"राख गं चुलीची, दाण्याला माखिते,
येत्या गं सालाची भाकर झाकिते..."

मंद्रूपच्या घराच्या अंगणात, ज्वारीच्या ढिगापुढं मांडी घालून बसलेली अव्वा हे म्हणायची. शब्द मराठी आणि चाल कानडी, असं ते तिचं घरचंच गाणं होतं. चुलीतली गार झालेली राख चाळून ती दाण्यांवर शिंपडायची, दोन्ही हातांनी दाणे खालचे वर, वरचे खाली करायची. पांढरेशुभ्र दाणे बघता बघता करडे होऊन जायचे. मग सूप धरून बसलेल्या लेकीच्या नाकाला ती राखेचं बोट टेकवायची.

"बघ दानव्वा, बूदी लागली. आता ह्यास्नी सोंड्याचं भ्या न्हाय."

दानव्वाला नाकावरची ती राख पुसावीशी वाटायची नाही. तशीच मिरवत ती शाळेत जायची.

तो आवाज इतक्या वर्षांनी तिच्या कानाशी आला, तेव्हा ती सोलापुरात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, पडद्यावरच्या एका सपाट रेघेकडं बघत उभी होती. त्या रेघेवर आता डोंगरासारखा उंचवटा उठायला हवा होता. तो उठत नव्हता.

तिचं काम तसं चार शब्दांत सांगण्यासारखं. मंद्रूपकडच्या एका जुन्या ज्वारीच्या दाण्यात असं काहीतरी आहे, की सोंडे, म्हणजे साठवणीतले किडे, तो दाणा खायला गेले तर त्यांना तो पचतच नाही. ते काहीतरी म्हणजे एक प्रथिन. दाण्यातल्या बाकीच्या शेकडो प्रथिनांच्या गर्दीतून तेवढं एक वेगळं काढायचं, यावर तिची पीएचडी उभी होती. वेगळं काढायचं ते चार्जवरून. आणि त्यासाठी कॉलम, म्हणजे चार्ज असलेल्या बारीक मण्यांनी भरलेली नळी, निवडायचा होता.

त्या निवडीचा दिवस तिला लख्ख आठवत होता. वैजयंती मॅडम, म्हणजे तिच्या गाइड, टेबलावर तीन कंपन्यांची माहितीपत्रकं पसरून बसल्या होत्या.

"घाई करायची नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी प्रथिनाला विचारायचं, मग कॉलमला. तुझ्या प्रथिनाचा चार्ज कोणत्या पीएचला शून्य होतो?"

"साडेआठच्या आसपास, मॅडम."

"म्हणजे त्याच्या खाली धन, वर ऋण. आपण काम कुठं करणार?"

"सहाला. तिथं ते टिकतंही."

"मग मणी कसले हवेत?"

"ऋण चार्जचे."

"अभिमन्यू, तुला कळलं का?"

प्रकल्प सहायक अभिमन्यू करमाळ्याकडचा, केमचा. बफर, म्हणजे पीएच ठरल्या जागी धरून ठेवणारं पाणी, तयार करणं, यंत्रं धुणं, भांड्यांवर चिठ्ठ्या डकवणं हे सगळं त्याच्याकडं. तो हातातली बाटली खाली न ठेवताच म्हणाला, "कळलं की मॅडम. कॉलम म्हंजी यष्टी. मणी म्हंजी शिटा. आपलं प्रथिन धन हाय, म्हणून त्याला ऋण शीट घावतं, ते बसतं. बाकीची मंडळी उभ्या उभ्या पुढच्या दारानं उतरून जात्यात. मग आपण मीठ सोडत न्यायचं, हळूहळू वाढवत. मिठाचे पाशिंजर लई दांडगे, ते आपल्या प्रथिनाला उठवून त्याच्या जाग्यावर बसत्यात. आपलं प्रथिन बिचारं खाली उतरतं, ते आपण बाटलीत धरायचं."

मॅडमना हसू आवरेना. "हे प्रबंधात लिहू नकोस हं, दानेश्वरी. पण त्याचं चुकलं काहीच नाही."

मग त्यांनी परीक्षानळ्यांत चिमूट चिमूट मणी घालून बघितले. ऋण मण्यांना प्रथिन धरत होतं, धन मण्यांजवळून सरळ निघून जात होतं. सौम्य मण्यांपेक्षा जोरकस मणी बरे, पीएच थोडा इकडंतिकडं झाला तरी त्यांचा स्वतःचा चार्ज ढळत नाही, हेही ठरलं. कॉलम मागवला.

निघता निघता मॅडमनी सहज विचारलं, "बियाणं कुणाकडनं आणतेस गं?"

आणि दानेश्वरीच्या तोंडून निघून गेलं, "मंद्रूपकडं एक बियाणंवाल्या बाई आहेत, मॅडम. जुनी वाणं जपतात."

असं ती का बोलली, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. आदल्याच आठवड्यात विभागातल्या एका मुलानं आपल्या कामाची मांडणी केली होती. त्याची बियाणी कुठल्याशा संस्थेच्या शीतगृहातली, पाकिटांवर क्रमांक, पडद्यावर फोटो. त्या फोटोंच्या शेजारी तिला आपल्या अंगणातली चूल दिसली, आणि जीभ वळली ती वळलीच. एकदा बोललं की ते दुसऱ्यांदा बोलावं लागतं. अहवालात तसंच गेलं, चर्चेत तसंच गेलं. घरी आपण जिला अव्वा म्हणतो ती इथं बियाणंवाल्या बाई झाली.

हे तेवढ्यावर निभावलं असतं. पण भाद्रपदात मोठ्या खेपेसाठी ज्वारी लागली, आणि ती घेऊन ईरप्पामामा यायचा होता तो तापानं पडला. मग अव्वा स्वतःच निघाली.

त्या दिवशी पुण्याहून पाहुणे आले होते. मॅडम त्यांना प्रयोगशाळा दाखवत होत्या, दानेश्वरी नव्या कॉलमशेजारी उभं राहून इंग्रजीतून समजावत होती. बोलणं छान रंगात आलं होतं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

अव्वा दारात उभी होती. डोक्यावर पोतं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घामानं खालचा पट्टा जरासा ओघळलेला. चपला तिनं देवळाबाहेर काढाव्यात तशा बाहेर, भिंतीला लावून, जोडीनं ठेवल्या होत्या. आत सगळे बूट घालून वावरत होते.

"दानव्..." एवढं तिच्या तोंडून आलं.

आणि दानेश्वरी झटकन पुढं झाली. "या, या. मॅडम, याच त्या बियाणंवाल्या बाई."

क्षणभर अव्वाचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं ते मिटलं. लेकीच्या पांढऱ्या कोटाकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं, आणि जणू हेच ठरून आल्यासारखी ती म्हणाली, "व्हय जी. मी बियाणंवाली."

"वा, फार मोलाचं काम करता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "बसा ना, पाणी घ्या."

"नको जी, गाडी हाय." अव्वानं पोतं उतरवलं. मग लेकीकडं वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला म्हणाली, "बाईसाहेब, येक सांगायचं हुतं. औंदा पावसाळी हवा लई, म्हणून बूदी मी जरा जास्तीच..."

बूदी! दानेश्वरीनं घाईनं पाहुण्यांकडं बघितलं. आता ही चुलीची राख सांगणार, त्यातून अंगण निघणार, अंगणातून घर निघणार.

"ठीक आहे, ठीक आहे," ती म्हणाली. "मी बघते. या तुम्ही."

या तुम्ही. जिला जन्मात कधी अगंतुगंशिवाय हाक मारली नाही, तिला तुम्ही. अव्वा मान डोलावून वळली. बाहेर चपला घालताना तिचा एक हात भिंतीला टेकलेला दानेश्वरीला काचेतून दिसला. इंग्रजी वाक्य मध्येच तुटलं होतं. तिनं ते जोडून घेतलं आणि पुढं बोलत राहिली.

आता पुढचं कसं घडलं, तेही सांगितलं पाहिजे. आधीच्या लहान खेपेला दानेश्वरीनं दाणे दोन-तीन पाण्यांनी धुतले होते, वसतिगृहाच्या गच्चीवर वाळवले होते. मूठभर दाणे, कुणाच्या नजरेत न भरणारे. आता अख्खं पोतं. ते प्रयोगशाळेच्या बेसिनवर धुवायचं तर करडं पाणी सगळ्यांसमोर वाहणार. गच्चीवर वाळवायचं तर पोरी विचारणार, "काय गं, घरनं ज्वारी आली का? भाकऱ्या करतेस का?" म्हणून तिनं खोलीचं दार लावलं, वर्तमानपत्रावर दाणे पसरले, पाखडले, कोरड्या फडक्यानं पुसले. वरवर स्वच्छ दिसले. दाण्याच्या देठाशी असते त्या खोबणीत राख बसलेली असणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण त्या राखेकडं तिला बघायचंच नव्हतं.

दळलं, भिजवलं, गाळलं, बफर मिसळून पातळ केलं, कॉलमवर सोडलं. आणि पडद्यावर सुरुवातीलाच एक मोठा उंचवटा येऊन गेला. म्हणजे सगळीच मंडळी पुढच्या दारानं उतरून गेली होती. मीठ वाढवत नेलं, रेघ सपाट. शिटांवर कुणी बसलेलंच नव्हतं.

त्या सपाट रेघेपुढंच तिला अव्वाचा आवाज ऐकू आला होता.

अभिमन्यूनं निघून गेलेलं सगळं पाणी बाटल्यांत धरून शीतकपाटात ठेवलं होतं. ती त्याची सवयच. "वाहून गेलं ते गेलं असं समजू नये, म्याडम वरडत्यात," तो म्हणायचा. मॅडमनी त्यातल्या एका बाटलीत पीएचमापी बुडवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सहाच्या जागी नऊ? बफर कुणी केला?"

"मी, मॅडम," अभिमन्यू म्हणाला. "पर मी मापून केलाता. सहाच हुता."

"उरलाय?"

"न्हाय. सगळा लागला. बाटली धुऊन पालथी घातली."

"मग मी काय मापू, अभिमन्यू?"

 दानेश्वरी फरशीकडं बघत होती.

दुपारी ती खोलीवर गेली. कपाटात ते रिकामं पोतं घडी करून ठेवलं होतं. तळाशी बोट फिरवलं तर बोट करडं झालं. ती चिमूट तिनं पेल्यातल्या पाण्यात टाकली, रंग बदलणारा कागद बुडवला. कागद निळसर हिरवा झाला. पुढचं तिला कुणी शिकवायला नको होतं. राखेनं पीएच चढला, चढता चढता तिच्या प्रथिनाचा धन चार्ज पुसला गेला. वर राखेतल्या क्षारांनी आधीच येऊन शिटांवर रुमाल टाकलेले. प्रथिन बसणार कुठं?

तिनं घरी फोन लावला. का लावला, कोण जाणे.

"दानव्वा?" पलीकडनं अव्वा. मागं कुठं तरी शेळी ओरडत होती. "जेवलीस का?"

"जेवले. अव्वा... ज्वारीला राख किती लावली होतीस?"

"बूदी? लई लावली हुती की. धुतलीस न्हवं? तेच सांगत हुते त्या दिशी, पर तू कामात हुतीस." जरा थांबून ती म्हणाली, "त्या म्याडम बऱ्या वाटल्या मला. पानी घ्या म्हनल्या."

दानेश्वरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आनि हे बघ, पुढच्या टायमाला मी येनार न्हाय. ईरप्पाच्या हाती धाडीन. तुझी उगं अडचन व्हती. मला कळतंय गं, मोठी मान्सं आली की..." अव्वा हसली. खरंच हसली, उगीच नाही. "पर पेरनीपुरती ठिवून सगळी तुला दिलीया बरं का. सुगीपातूर आता न्हाय. जपून वापर."

फोन ठेवल्यावर बराच वेळ ती राखेचं बोट तसंच समोर धरून बसली. लहानपणी हेच बोट नाकावर घेऊन ती गावभर हिंडत होती. तेव्हा लाज नव्हती. लाज ती पुढं शिकली. शाळेत शिकली, कॉलेजात शिकली, आणि इतकी चांगली शिकली की आईला परकी करताना तिला विचारही करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी दोघांना बोलावलं. टेबलावर पुन्हा तीच माहितीपत्रकं पसरलेली.

"मी रात्रभर विचार केला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "या बफरमध्ये काय पडलं हे आपल्याला माहीत नाही. काय पडलंय हे ज्याच्याबद्दल माहीत नाही, असा नमुना मी पुढच्या कामात घेणार नाही. शीतकपाटातल्या बाटल्या ओतून टाका."

"सगळ्या, मॅडम?" अभिमन्यूनं विचारलं.

"सगळ्या. आणि परीक्षानळीतल्या चाचण्यांचे बफरही तूच केले होतेस ना? मग त्या चाचण्यांवर तरी मी विश्वास कसा ठेवू? ऋण मणी हे आपण त्यावरूनच ठरवलं. कॉलमची निवड पहिल्यापासून पुन्हा करायची. आता धन मण्यांचा मागवून बघू. सुगीनंतर ज्वारी आली की नव्यानं."

मग त्या अभिमन्यूकडं वळल्या. "तुझी नेमणूक महिनाअखेर संपतेय. वाढवा म्हणून मी शिफारस करणार होते. आता मला ती करता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. हाताला शिस्त नसेल, तर या कामात दुसऱ्याचं वर्ष जातं."

अभिमन्यूचा चेहरा एरवी बोलका. तो आता पाटी पुसल्यासारखा कोरा झाला. "म्या दोनदा मापलं हुतं, मॅडम," तो म्हणाला. मग त्याचाच त्याला भरवसा वाटेनासा झाला असावा. "असंल. चुकलं असंल माझंच. मापी पुसायची राहिली असंल." तो दानेश्वरीकडं वळला. "तुमच्या घरची... तुमच्या त्या बाईंची एवढी ज्वारी गेली, माफ करा, ताई. म्हातारी कुठनं पोतं वाहून आली हुती."

तो शीतकपाटाकडं गेला. बाटल्यांचा ट्रे उचलून बेसिनपाशी आणला. पहिल्या बाटलीवरची त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी त्यानं नखानं सोडवली, बूच काढलं.

दानेश्वरी बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं म्हणाल, तर काही थोर चाललं नव्हतं. गप्प राहिलं तर काय होईल, एवढाच हिशोब. नवा कॉलम येईल. सुगीत नवी ज्वारी येईल, ती धुऊन घेऊ. प्रबंध होईल. कुणाला कळणार नाही. अभिमन्यूला दुसरीकडं काम मिळेल, हुशार आहे. धन मणी प्रथिनाला धरणार नाहीत, मग मॅडम पुन्हा ऋण मण्यांकडं येतील, सगळं आपोआप जुळेल. मनाला मनानं असं समजावता येतं. आणि तेवढ्यात त्या गाण्याचं विसरलेलं दुसरं कडवं कुठून तरी आत वर आलं. अव्वा दाणे वरखाली करताना, अगदी शेवटी, हात झटकायच्या आधी म्हणायची ते.

"दाण्या रं, दाण्या रं, तुझी कोण रं माउली?
अंगाला राख नि डोईला सावली."

अव्वा हे विचारायची आणि लेकीकडं बघायची. मग लेकीनं ओरडायचं असायचं, "अव्वा!" तोच त्या गाण्याचा शेवट. लेक ओरडली नाही तर अव्वा पुन्हा विचारायची, पुन्हा विचारायची, आणि राखेचा हात पुढं करून भिववायची.

अभिमन्यूनं बाटली बेसिनवर कलती केली.

"थांब," दानेश्वरी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की त्याला ऐकूच गेला नाही. ती पुढं झाली, त्याचं मनगट धरलं. थोडं पाणी बेसिनमध्ये सांडलं, बाकीचं राहिलं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"बफर बरोबर होता, मॅडम. सहाच होता. कॉलमही बरोबर आहे. ऋण मणीच हवेत." तिनं अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं. "ज्वारीला राख होती. चुलीची. सोंडे लागू नयेत म्हणून सगळ्याच धान्याला लावतात. मी ती धुतली नाही. पहिल्या खेपेला धुतली होती, या खेपेला नाही धुतली. काय पडलंय ते मला माहीत आहे, मॅडम. राख पडलीय. क्षार काढून, पीएच सहावर आणून हेच पाणी पुन्हा कॉलमवर सोडता येईल. प्रथिन या बाटल्यांतच आहे."

अभिमन्यूनं बाटली हळूच सरळ केली. बूच लावलं. 

मॅडम तिच्याकडं वळल्या. "राख आहे हे तुला माहीत होतं? काल मी याला विचारत होते तेव्हाही?"

"होतं. खात्री दुपारी झाली, पण संशय आधीपासून होता."

"आणि तू हे बोलली नाहीस. याची नेमणूक जात होती, तरी." मॅडमनी चष्मा काढला. "एवढं काय लपवण्यासारखं होतं त्या राखेत? त्या बियाणंवाल्या बाई तर बोलत होत्या काहीतरी त्या दिवशी. सांगत होत्या ना? मग तू नीट ऐकून का घेतलं नाहीस त्यांचं?"

दानेश्वरीची मान खाली जात होती, ती तिनं जाऊ दिली नाही. अभिमन्यूकडं बघितलं, दाराबाहेरच्या त्या भिंतीकडं बघितलं, जिथं जोडीनं चपला ठेवल्या होत्या.

"त्या बियाणंवाल्या बाई नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "ती माझी अव्वा आहे. माझी आई."